बसकाकूंचं विमान

भोंगूच्या आईला कुणी विचारलं, की तुझ्या पोराला विमानात शहाण्यासारखं बसायला कुणी शिकवलं, तर ती सांगते, "आमच्या समोरच्या काकूंनी. शाळेच्या बसवर असतात त्या." ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई आपली फिरकी घेते आहे. कारण बसकाकू स्वतः आयुष्यात विमानात बसलेल्या नाहीत. विमानतळाचं दारही त्यांनी कधी पाहिलेलं नाही. पण गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आणि ती सांगताना भोंगूची आई पदरचा एक शब्द घालत नाही.

बसकाकू म्हणजे शाळेच्या बसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या काकू. सव्वीस वर्षं त्या एकाच शाळेच्या बसवर आहेत. या काळात बस चार वेळा बदलली, ड्रायव्हर दोनदा बदलले, काकू त्याच. मुलांना चढवायचं, जागेवर बसवायचं, पट्टे लावायचे, कुणाला उलटी झाली तर तोंड पुसायचं, कुणी कुणाला चावलं तर दोघांनाही ओरडायचं, आणि शेवटी ज्याला त्याला त्याच्या थांब्यावर त्याच्या माणसाच्या हाती सोपवायचं. बुटक्या, रुंद, गुडघ्यांनी अधू. आवाज मात्र असा, की पुढे उभ्या राहून बोलल्या तर शेवटच्या बाकावरचं पोर हातातलं केळं खाली ठेवतं. लाडीगोडी त्यांना येत नाही. 'माझं सोनं, माझं पिल्लू' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत. तरीही मुलं त्यांच्या अवतीभवती घोटाळतात, याचं आयांना मोठं कोडं पडतं.

त्यांची एक रीत होती. मुलाला खोटं सांगायचं नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी बसमध्ये रडारड माजते. "आई कुठेय, आई कुठेय" म्हणून पोरं घसा फोडतात. दुसऱ्या बसवरच्या बायका म्हणतात, "येईल हं आई, आत्ता येईल." बसकाकू म्हणतात, "आई घरी गेली. साडेबाराला भेटेल. तोवर नाही भेटणार. रडायचं असेल तर रड, हा घे रुमाल." पोर थक्क होऊन त्यांच्याकडे बघतं, थोडं रडतं, आणि मग रडून काही हाती लागत नाही हे लक्षात आल्यावर खिडकीबाहेर बघू लागतं. भोंगूच्या आईने एकदा त्यांना विचारलं होतं, की एवढं कडक कशाला, थोडं गोड बोललं तर काय बिघडतं? काकू म्हणाल्या, "गोड बोलायला माझी ना नाही. पण आज खोटं सांगितलं, तर उद्या ते पोर माझ्या हाताला धरून पायरी चढेल का? मग माझी बस कशी चालायची?"

भोंगूची आई आणि काकू एकाच मजल्यावर समोरासमोर राहत. भोंगूच्या आईचं काम चष्म्याच्या दुकानात. आतल्या खोलीत यंत्रापाशी बसून काचा फ्रेमच्या मापाने घासायच्या, बसवायच्या, स्क्रू आवळायचे. भोंगू चार वर्षांचा. त्याचं हे नाव काकूंच्या ड्रायव्हरने ठेवलेलं. पोर रडायला लागलं की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. ड्रायव्हर एकदा म्हणाला, "वहिनी, हा रडतोय की कारखान्याचा भोंगा वाजतोय?" तेव्हापासून भोंग्याचा भोंगू झाला, आणि खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं.

आणि हे पोर कधी रडायचं? गाडीत बसलं की. बस असो, रिक्षा असो, कुणाची मोटार असो, दार बंद झालं की त्याचं सुरू. एकदा ती त्याला घेऊन त्याच्या आत्याकडे निघाली. वीस मिनिटांचा रस्ता. सातव्या मिनिटाला त्याने बस डोक्यावर घेतली, दहाव्या मिनिटाला शेजारच्या गृहस्थाच्या पँटवर उलटी केली, बाराव्या मिनिटाला कंडक्टरने हात जोडले. उरलेलं अंतर मायलेक चालत गेले. परतही चालतच आले.

भोंगूचे बाबा वेल्डर. समुद्रापलीकडे दूर, एका जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात. भोंगू दहा महिन्यांचा असताना ते गेले, तेव्हापासून बापलेकाची भेट फोनवर. बायकोमुलाला तिकडे नेण्यासाठी त्यांनी दोनदा कागदपत्रं केली, दोन्ही वेळा परत आली. तिसऱ्यांदा मंजुरी आली, पण तीत एक तारीख होती. त्या तारखेच्या आत दोघांनी तिथे पोचायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पहिल्यापासून म्हणजे आणखी दीड-दोन वर्षं.

मंजुरीची बातमी ऐकून भोंगूच्या आईला आकाश ठेंगणं झालं. ते सुख चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी दुकानात चष्म्याची दांडी बदलायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने सहज सांगितलं, की त्यांच्या विमानात एका मुलाने काही केल्या पट्टा लावू दिला नाही, तेव्हा आईबापांसकट त्याला खाली उतरवलं आणि मग विमान सुटलं. बाई काच घासत होती. ती काच त्या दिवशी वाया गेली.

संध्याकाळी ती काकूंच्या दारात उभी राहिली. गेली होती उलटीच्या चार पिशव्या मागायला. पिशव्या हातात घेतल्या आणि तिला रडू कोसळलं. वीस मिनिटं न बसणारं पोर साडेपाच तास कसं बसणार, आपण एकटी, उतरवलं तर काय, तारीख गेली तर काय, सगळं एका दमात बाहेर आलं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती दिवस आहेत?"

"एकोणीस."

"पुष्कळ झाले," काकू म्हणाल्या. "डोळे पूस आणि जेवून घे. आधी मला विमानाची माहिती काढू दे."

माहिती त्यांनी कुठून काढली असेल? बसमधल्या मुलांकडून. विमानात बसलेली सात मुलं त्यांच्या बसमध्ये निघाली. रोज सकाळी एकेकाला त्या आपल्या शेजारी बसवून घ्यायच्या आणि वकिलाने साक्षीदाराला विचारावं तसं विचारायच्या. कान कधी दुखले, वर जाताना की खाली येताना? किती वेळ? कशाचा आवाज मोठा? कशाचा कंटाळा आला? एकाने सांगितलं, विमानात काहीच दुखत नाही. काकूंनी त्याची साक्ष बाद केली, कारण तो पोरगा दाताच्या डॉक्टरबद्दलही तेच सांगायचा. दुसरीतल्या एका मुलीने मात्र कामाचं सांगितलं. खाली येताना कान जास्त दुखतात, आणि झोपलेलं असलं तर दचकून जाग येते. शिवाय तिथला संडास ओरडतो. "ओरडतो म्हणजे?" काकूंनी विचारलं. मुलीने तोंडाने तसा आवाज करून दाखवला, आणि पुढे ड्रायव्हरने घाबरून ब्रेक दाबला.

नवव्या थांब्यावरच्या एका मुलीची आई विमानात कामाला होती. काकूंनी तिलाही थांब्यावर गाठलं. पट्टा कसा उघडतो, मुलाला कडक गोळी चघळायला द्यावी का, असं बरंच विचारलं. ती म्हणाली, एवढ्या लहानाला गोळी नको, घशात अडकेल, नळीने घोट घोट पाणी द्या. तिने स्वतःहून एक गोष्ट सांगितली, की मूल रडलं म्हणून कुणी उतरवत नाही. पट्टा मात्र लावावाच लागतो. हे काकूंनी भोंगूच्या आईला येऊन सांगितलं, तेव्हा तिचा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा पट्ट्यापाशी अडकून राहिला.

पहिल्या रविवारी तालीम सुरू झाली. शाळेच्या मागे बस उभ्या करायची जागा होती, तिथे. सुट्टीच्या दिवशी ड्रायव्हरला काकूंनी बोलावून घेतलं होतं. तो कुरकुरत आला, पण आला. पहिल्या दिवशी भोंगू फक्त पायऱ्या चढला आणि उतरला. दार उघडं, इंजिन बंद. काकू म्हणाल्या, "आज एवढंच. चल घरी." भोंगूच्या आईला वाटलं, या गतीने एकोणीस दिवसांत हा सीटपर्यंतसुद्धा पोचायचा नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सीट. तिसऱ्या दिवशी पट्टा, पण काकूंच्या कमरेला. भोंगूने तो दहा वेळा लावला आणि दहा वेळा काढला. चौथ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "आता मला."

मग इंजिन. मग इंजिन आणि बंद दार. आणि हे सगळं करताना काकूंचं सांगणं चालू.

"कान दुखतील हं," त्या म्हणाल्या.

भोंगूची आई मागून एकदम म्हणाली, "काकू!"

"का? दुखणार नाहीत का?" काकू तिच्याकडे न बघता बोलत राहिल्या. "कान दुखतील. मग नळीने पाणी प्यायचं. गिळलं की कान मोकळे होतात, पुन्हा बंद होतात, पुन्हा गिळायचं. खिडकीतून ढग दिसतील. छान दिसतील, पण थोड्या वेळाने कंटाळा येईल. कंटाळा आला तर काय करायचं?"

"रडायचं?" भोंगूने विचारलं.

"रडलास तरी चालेल. पण कंटाळा तसाच राहील."

भोंगूने यावर बराच विचार केला. ओरडणाऱ्या संडासाची सोय ड्रायव्हरने केली. बसचा हवेचा ब्रेक सोडला की जोरात फुस्स होतं. काकू भोंगूला दरवाजाजवळ उभं करून म्हणायच्या, "झालं शीशू करून? दाब बटण." भोंगू खिडकीच्या कडेला बोट दाबायचा आणि तिकडे ड्रायव्हर ब्रेक सोडायचा. पहिल्यांदा पोर काकूंच्या पोटात शिरलं. पाचव्यांदा खो खो हसत होतं. विसाव्यांदा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, टाकीतली हवा संपली. आता उद्या."

दहा-बारा दिवसांत भोंगू अर्धा तास बसू लागला. थरथरत्या सीटवर, बंद दारात, पट्टा लावून, नळीने पाणी पीत. भोंगूच्या आईला हे बघून हसावं की रडावं कळेना. आपल्या पोराला आपण चार वर्षांत गाडीत बसवू शकलो नाही, आणि ही शेजारीण कामावरून दमून येऊन, सुजलेले गुडघे चोळत ते करते आहे. कशासाठी? तिने विचारलं तर काकू म्हणाल्या, "घरी बसून तरी काय करू? टीव्ही बिघडलाय." टीव्ही चांगला चालू होता. भिंतीपलीकडून ऐकू यायचा. (तो त्यांच्या सासूबाई बघत, आणि काकूंना रिमोट मिळत नसे. तेव्हा त्यांच्यापुरतं ते खरंच होतं.)

सोमवारी सकाळचं विमान होतं. आधीच्या गुरुवारी संध्याकाळी काकूंनी परीक्षा घ्यायची ठरवली. भोंगू सीटवर पट्टा लावून ताठ बसला होता. काकूंनी विचारलं, "कान दुखले तर?"

"गिळायचं."

"संडास ओरडला तर?"

"ओरडू द्यायचं."

"शाब्बास. आणि विमानात चढल्यावर पहिल्यांदा काय करायचं?"

"बाबांना शोधायचं," भोंगू म्हणाला.

काकूंनी भोंगूच्या आईकडे बघितलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

झालं होतं असं. त्यांच्या गॅलरीवरून रोज चारच्या सुमाराला एक विमान जायचं. बाबा गेले, त्यानंतरच्या दिवसांत ती बाळाला कडेवर घेऊन कठड्यापाशी उभी राहायची आणि म्हणायची, "ते बघ बाबांचं विमान. टाटा कर." बाळ हात हलवायचं. पुढे त्याचा पाठच झाला. चार वाजले की विमान, विमान आलं की बाबा. फोनवर बाबा दिसायचे तेही कामगारांच्या खोलीतल्या अरुंद बंकवर, मागे पडदा, डोक्याच्या वर लगेच छत. पोराने दोन आणि दोन चार केले होते. बाबा विमानात राहतात, रोज आपल्या घरावरून जातात, आणि आता आपण त्यांच्याकडे चाललोय. म्हणून तर हा गडी एवढा खुशीत तालीम करत होता.

घरी आल्यावर भोंगूच्या आईने काकूंना हात जोडले. "काकू, राहू दे त्याला तसंच. त्या आशेवर तो निदान चढेल तरी. एकदा विमान सुटलं की मग बघू."

"मग काय बघणार?" काकू म्हणाल्या. "साडेपाच तास तो प्रत्येक माणसाचं तोंड बघत फिरेल. आणि बाबा नाहीत कळल्यावर त्याला पट्टा तू लावणार?"

"मग तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकतो तो."

"मी नाही सांगणार. माझं काय, मी सोमवारपासून नाही. तुझ्यावर त्याचा विश्वास राहायला हवा. तूच सांग."

तिने सांगितलं. अडखळत, चुकत, मध्येच त्याच्या केसांतून हात फिरवत. विमानात बाबा नसतात, आईने उगीच म्हटलं होतं, आईचं चुकलं. भोंगूने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "मग मला नको विमान." आणि भोंगा वाजला. शुक्रवारी सकाळी त्याने पायात चप्पल घालू दिली नाही. बसचं नाव काढलं की पलंगाखाली जायचा. बारा दिवसांची मेहनत एका रात्रीत पाण्यात गेली.

भोंगूच्या आईचा तोल सुटला. काकू कामावर निघालेल्या, तिने त्यांना जिन्यातच गाठलं. "झालं तुमच्या मनासारखं? चांगला हसत चालला होता. तुमच्या खरं बोलण्यापायी माझं पोर बापाला मुकलं तर?" असं ती बोलली. बोलायला नको होतं, आजही ती सांगते तेव्हा कानाची पाळी पकडते. काकू एकेक पायरी धरून धरून खाली उतरल्या.

दुपारी बाराला दारावर थाप पडली. काकू निळा कोट घालून उभ्या. "त्याला उचलून आण. चप्पल नसली तरी चालेल. मुख्याध्यापिकांना विचारून आलेय, आज दुपारच्या फेरीला तो माझ्या शेजारी बसणार."

"काकू, सकाळी मी..."

"ते नंतर. साडेबाराला शाळा सुटते. आणि तू अगदी मागे बसायचं, मिठाची गुळणी धरून. काही झालं तरी एक शब्द बोलायचा नाही."

भोंगू रडत रडतच बसमध्ये शिरला. पण त्याच्या मागोमाग एकतीस मुलं शिरली. एवढ्या गोंगाटात आपला आवाज कुणाला ऐकू जात नाही हे कळल्यावर तो गप्प झाला. काकूंनी त्याचा पट्टा लावला आणि त्याच्याशी काहीही न बोलता त्या आपल्या कामाला लागल्या.

पहिला थांबा आला. काकूंनी एका मुलाचा हात धरून त्याला पायरीवर आणलं. "कोण आलंय?" "आजोबा." आजोबांनी हात पुढे केला, तेव्हा काकूंनी आपला सोडला. दुसरा थांबा. "कोण आलंय?" "मोठी ताई." तिसऱ्यावर आई, कडेवर आणखी एक. चौथ्यावर एक मामा, कानाला फोन. काकूंनी त्यांना फोन खिशात ठेवायला लावला आणि मगच भाचा दिला. भोंगू मान लांब करून बघत होता. प्रत्येक वेळी तेच. पोर वरून खाली जातं, खाली त्याचं माणूस असतं.

अकराव्या थांब्यावर कुणीच नव्हतं. लाल दप्तरवाली एक मुलगी पायरीवर उभी राहिली. बस थांबून राहिली. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. ड्रायव्हरने आरशातून काकूंकडे बघितलं. काकू हलल्या नाहीत. मुलगीही रडली नाही, तिचा हात काकूंच्या हातात होता. तेवढ्यात कोपऱ्यावरून एक माणूस धावत आला, हातांना ग्रीस लागलेलं, धाप लागलेली. "बाबा!" मुलगी म्हणाली. भोंगू आपल्या जागेवर पट्ट्यासकट अर्धा उठला.

शेवटचं मूल उतरलं. रिकामी बस परत निघाली. काकू भोंगूच्या शेजारी येऊन बसल्या आणि गुडघे चोळू लागल्या.

"बाबा बसमध्ये नसतात," भोंगू म्हणाला.

"नसतात."

"खाली असतात."

"हो. खाली, उभे."

"विमानात पण?"

"विमान म्हणजे मोठी बसच. लांब जाते म्हणून वरून जाते."

त्याने रिकाम्या पायरीकडे बघितलं. मग म्हणाला, "माझे बाबा उभे असतील?"

काकू लगेच 'हो' म्हणाल्या नाहीत. ते त्यांच्या हातात नव्हतं, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. त्या मागे वळल्या. "काय गं, असतील ना उभे? मला तुझ्याकडूनच ऐकू दे."

भोंगूच्या आईने इतका वेळ खरोखरच तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. ती म्हणाली, "आज फोन करून सांगितलं ना काकू, तर आजपासून जाऊन उभे राहतील. सोमवारपर्यंत हलायचे नाहीत तिथून." एवढं बोलली आणि तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

पुढे ड्रायव्हरने आरसा नीट केला. "बाई," तो म्हणाला, "तास झाला. भोंगा वाजला नाही तो?"

सोमवारी पहाटे काकूंना विमानतळावर येता येणार नव्हतं, बस कोण चालवणार? म्हणजे बस ड्रायव्हरच चालवतो, पण काकूंशी वाद घालायला त्याच्याही बापाची छाती नाही. निघण्याआधी त्या दारात आल्या. भोंगूच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, पाण्याची बाटली आणि नळी पिशवीत आहे ना ते बघितलं. त्याच्या आईला म्हणाल्या, "उतरताना त्याला झोपू देऊ नकोस." भोंगूची आई वाकून त्यांच्या पाया पडायला गेली, तर त्या मागे सरल्या. "माझे गुडघे दुखतात, तू वाकलीस की मला तुला उठवावं लागेल." आणि गेल्या.

विमानात सगळं सुरळीत झालं असं म्हणणं खोटं ठरेल. पट्टा भोंगूने स्वतः लावला, आईलाही लावायला शिकवलं. विमान वर जाताना कान दुखले, तेव्हा त्याने पुढच्या-मागच्या तीन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "काकू म्हणाली होती!" आणि पाणी प्यायला. ढग बघून झाले, कंटाळा आला, तोही सांगितल्याप्रमाणे. संडास ओरडला तेव्हा आतून हसण्याचा आवाज इतका मोठा आला, की बाहेर रांगेत उभे असलेले लोक एकमेकांकडे बघू लागले. दोनदा उलटी झाली, दोन पिशव्या कामी आल्या. खाली उतरताना मात्र तो रडला. मोठ्याने, हुंदके देत. पूर्वी असतं तर तिने 'झालं, झालं' म्हटलं असतं. ती म्हणाली, "दुखतंय ना? अजून पंधरा मिनिटं दुखेल. पी एक घोट." तो रडत रडत घोट घेत राहिला. शेजारच्या वृद्ध बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पट्टा त्याने सोडला नाही.

आणि बाहेर बाबा उभे होते. सगळ्यांच्या पुढे, इस्त्रीचा शर्ट, हात कुठे ठेवावेत हे न कळून ते खिशात घालत आणि काढत. भोंगू चार पावलांवर थांबला. आईचा हात घट्ट धरून त्याने त्या माणसाला वरून खालपर्यंत बघितलं. केस, शर्ट, पँट, बूट. फोनमधले बाबा छातीशीच संपायचे.

"आई," तो म्हणाला, "बाबा पूर्ण आहेत."

पूर्ण बाबा तिथेच गुडघ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. भोंगूने आईचा हात सोडला.

घरी पोचून, सामान टाकून, पोराला बापाच्या मांडीवर झोपलेलं बघून मग भोंगूच्या आईने फोन लावला. तिकडे दुपारची फेरी चालू असणार हे तिला ठाऊक होतं. पहिल्याच घंटीला काकूंनी उचलला. "पोचलात?"

"पोचलो काकू. काकू, तुम्ही नसतात तर आज आम्ही... मी त्या दिवशी जिन्यात जे बोलले..." तिला पुढे बोलवेना. "तुमचे उपकार मी कसे फेडू हो?"

"बरं, बरं. थांब्यावर उभी आहे बस. पोरं उतरायचीत, ठेवते."

मागून ड्रायव्हरचा आवाज आला. "ठेवू नका! तिला सांगा आज काय केलंत ते!"

"तुम्ही गप्प बसा हो."

"वहिनी!" ड्रायव्हर लांबूनच ओरडला. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! चौथ्या थांब्याची मुलगी आज तिसऱ्यावरच उतरवत होत्या. वर एक विमान चाललं होतं, ह्यांची मान तिकडे. कुठल्या तरी म्हाताऱ्या बाईच्या हातात देऊन मोकळ्या होणार, तेवढ्यात ती मुलगीच म्हणाली, काकू, ही माझी आजी नाही!"

बसमधली मुलं हसली. हसणं ओसरलं. भोंगूच्या आईला वाटलं, फोन बंद झाला. मग काकूंनी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"विमान दोन तासांपूर्वी उतरलं ना तुमचं?" त्या म्हणाल्या. "मग उतरल्या उतरल्या कळवायचं गं. मी आपली पोरं पोचवणारी. वाट बघायची मला कुठे सवय आहे?"